शेवटच्या गाडीवर कोण?

गोदावरीच्या दक्षिण काठावर, राहाता तालुक्यात, पुणतांबे वसले आहे. मूळच्या पुण्यस्तंभ या नावावरून पुणतांबे झाले, असे परंपरा सांगते. नदीवर अहिल्यादेवी होळकरांनी बांधलेला घाट आहे. गावाला दौंड–मनमाड लोहमार्गावरचे स्थानक आहे आणि 2009 पासून येथूनच साईनगर शिर्डीचा फाटा निघतो. 1 जून 2017 रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाची हाक याच गावाच्या ग्रामसभेतून उठली आणि काही दिवस महाराष्ट्रातील शहरांना दुधाची व भाजीची किंमत नव्याने कळली. तरीही गावाची सर्वांत जुनी ओळख आहे ती चांगदेवांची. चौदाशे वर्षे मृत्यूला चकवीत राहिलेल्या या योग्याची समाधी पुणतांब्यात आहे.

चांगदेवांची कथा मराठी घरांत लहानपणीच कानांवर पडते. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून त्यांना पत्र लिहावे असे चांगदेवांना वाटले. परंतु वयाने लहान, अधिकाराने मोठ्या अशा व्यक्तीला मायना काय लिहावा, हेच त्यांना उमगेना. शेवटी कोरा कागदच पाठविला. त्या कोऱ्या कागदाचे उत्तर म्हणजे पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’. पुढे ते स्वतः भेटीस निघाले ते वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन आणि मागे शिष्यांचा मोठा मेळा घेऊन. आळंदीत चौघी भावंडे एका भिंतीवर बसली होती. पाहुणा वाहनावरून येत आहे म्हटल्यावर भिंतच सामोरी निघाली. ती भिंत आजही आळंदीत दाखवितात.

या कथेतील वाघ सर्वांच्या लक्षात राहतो, भिंतही राहते. मागून येणाऱ्या शिष्यांचे काय झाले, हे मात्र कोणी विचारीत नाही. वाघाच्या वेगाने माणसाला चालता येत नाही. त्या मेळ्यात कोणी वृद्ध असेल, कोणाच्या पायाला काटा लागला असेल, कोणी उन्हाने झाडाखाली टेकला असेल. पुढे चाललेल्या स्वाराने मागे वळून पाहिल्याचा उल्लेख कथेत नाही. प्रवास समुदायाने करावयाचा म्हटला की हा प्रश्न आपोआप उभा राहतो. वाहन वाघाचे असो वा साडेतीनशे सीसीचे, त्यात फरक पडत नाही.

दिवाळी सरली, हवेत गारवा आला की नगर–मनमाड रस्त्यावर रविवारी सकाळी मोटारसायकलींचे तांडे दिसू लागतात. पुण्याहून शिरूर, नगर, राहुरी, कोल्हार या वाटेने काही येतात. काही नाशिक रस्त्याने संगमनेर गाठून लोणी–बाभळेश्वरकडे वळतात. कल्याण–डोंबिवलीकडचे माळशेज घाट चढून आळेफाट्यावरून नगरच्या पठारावर उतरतात. डोक्यावर शिरस्त्राण, अंगावर कोपर-खांद्यांना टणक अस्तर असलेले जाकीट, गुडघ्यांना ढाली, मागे पाणी शिरणार नाही अशा पिशव्या. शिर्डीला मुक्काम करून सकाळी पूर्वेकडे वळणारे गोदाकाठापर्यंत येतात, घाटाच्या पायऱ्यांवर घटकाभर बसतात आणि पुढे मराठवाड्याकडे किंवा माघारी निघतात. पुण्यापासून येथवरचा रस्ता सुमारे दोनशे किलोमीटरचा. या छंदातल्या मुरलेल्या मंडळींच्या हिशेबी केवळ हात मोकळा करण्यापुरता.

याच परिसरातून, कोपरगाव तालुक्यातून, समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा सुरू होऊन 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. मोटारींना तेथे ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. दुचाकीला मुळात प्रवेशच नाही. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरही नाही. ही मनाई योग्यच आहे, कारण वेगातील तफावत दुचाकीस्वाराच्याच जिवावर बेतते. परंतु तिचा एक परिणाम कोणी योजिलेला नव्हता. मोटारीतला प्रवासी आता येवला, वैजापूर, कोपरगाव ही नावे फलकांवर वाचीत निघून जातो, आणि गावोगावच्या जुन्या रस्त्यांवर दूरचा पाहुणा म्हणून उरला आहे तो मोटारसायकलवाला. चहाच्या टपरीला, पंक्चरच्या दुकानाला, नदीकाठच्या ओस घाटाला विचारणारा तोच. पुणतांब्यासारख्या गावाशी त्याचे असे नाते जुळले आहे.

या तांड्यांत आपल्या घरांतील मुले आणि मुलीही असतात. मुलगा नोकरीला लागतो, पहिल्या वर्षाच्या बचतीतून मोटारसायकल घेतो आणि एके दिवशी जेवताना सांगतो की मित्रांबरोबर लेहला जायचे आहे, निदान गोव्याला तरी. घरात शांतता पसरते. आई ताटातले उचलून परत ताटात ठेवते. वडील रजा, खर्च, थंडी असे इकडचे तिकडचे प्रश्न काढतात, कारण खरा प्रश्न तोंडावर आणवत नाही.

तो प्रश्न अनाठायी नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी शेकडा 44 हून अधिक दुचाकीवरची होती. ही संख्या अर्थातच सहलींची नाही. तीत कामावर जाणारे आहेत, दूध घालणारे आहेत, लग्नाहून रात्री परतणारे आहेत. उलट अंगभर संरक्षक पोशाख घालून, दिवसाउजेडी, ठरवून निघालेला स्वार हा रोज डोक्याला काही न बांधता किराणा आणायला जाणाऱ्यापेक्षा कितीतरी सावध असतो. तरी आईवडिलांना हे सांगून भीती जात नाही आणि जाऊही नये. ज्या घरात या भीतीची थट्टा होते तेथून मुले न सांगता निघतात, आणि न सांगता निघालेल्या प्रवासात संकट आले तर मदत उशिरा पोहोचते. तेव्हा होकार द्यावा की नकार, याआधी नेमके काय विचारावे, हे घरच्यांना ठाऊक असणे अधिक उपयोगाचे.

गाडी कोणती, किती वेगाने पळते, हे विचारून फारसे हाती लागत नाही. विचारावयाचा प्रश्न एकच आहे: तुमच्यात सर्वांत शेवटी कोण असतो?

दूरच्या प्रवासाला सरावलेल्या कोणत्याही चमूत या प्रश्नाला तत्काळ नाव मिळते. पुढे असतो तो वाटाड्या. त्याला रस्ता ठाऊक असतो आणि वेग तो ठरवितो. शेवटच्याला ही मंडळी ‘स्वीप’ म्हणतात. हे काम चमूतील सर्वांत अनुभवी माणसाकडे असते, बहुधा पुढच्यापेक्षाही अनुभवी. त्याच्यापाशी हत्यारे, क्लचची जादा केबल, पंक्चर काढण्याचे साहित्य आणि प्रथमोपचाराची पेटी असते. त्याचा नियम असा की त्याच्या मागे चमूतील कोणीही राहता कामा नये. कोणी थांबला की तो थांबतो. वाटाड्या फाट्यावर वळण्यापूर्वी आरशात पाहतो. प्रत्येकाने आपल्या मागच्याला आरशात धरून ठेवावयाचे, तो दिसेनासा झाला तर वेग कमी करावयाचा, तरीही दिसला नाही तर सुरक्षित जागा पाहून थांबावयाचे. अशा रीतीने शेवटचा थांबला की काही मिनिटांत पहिल्यालाही कळते. मोबाईलला रेंज नसली तरी ही व्यवस्था चालते.

नवशिक्याची जागा वाटाड्याच्या लगेच मागे असते. येथे पुष्कळांची समजूत उलटी असते. नवखा मागून हळूहळू येईल, असे म्हणून त्याला मागे सोडले की तो एकटा पडतो. आणि पुढचे दिसेनात म्हणून, झेपत नसतानाही वेग वाढवितो. चमूतले अपघात बहुधा या पाठलागात होतात. त्याला पुढे घेतले की सर्वांचा वेग त्याच्या बेताने ठरतो. पेट्रोलचा हिशेबही याच न्यायाने. ज्याची टाकी सर्वांत लहान त्याची वेळ आली की सर्वांनी भरून घ्यावयाचे. मोठ्या टाकीच्या मालकाने कपाळाला आठ्या घालावयाच्या नाहीत. साधारण दीड-दोन तासांनी विसावा घ्यावयाचा, कोणी दमलो म्हणो अथवा न म्हणो, कारण दमलेला माणूस, विशेषतः पंचविशीतला, ते कधीच कबूल करीत नाही.

अंतराचा नियम अंकांत सांगता येतो. चौपदरी महामार्गावर दुचाकीला ताशी 80 किलोमीटरची आणि इतर बहुतेक रस्त्यांवर 60 ची कमाल मर्यादा केंद्र सरकारने 2018 मध्ये ठरविली. ताशी 80 च्या वेगाने गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे जाते. पुढच्याने अचानक गती कमी केली तर डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच जवळजवळ एवढे अंतर संपते. म्हणून पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचे, म्हणजे या वेगाला 44 मीटरांचे अंतर राखावयाचे. सरळ रस्त्यावर एक डावीकडे तर त्याच्या मागचा थोडा उजवीकडे, अशी तिरपी रांग धरतात, त्यामुळे समोरचे दिसते आणि बगल देण्यास जागा राहते. घाटात, अरुंद रस्त्यावर आणि गावातून जाताना ती मोडून एकेरी रांग. शेजारी-शेजारी गाड्या घालून गप्पा मारीत जाणारी जोडी दिसली तर तो चमू कच्चा आहे, हे टपरीवरचा चहावालाही सांगू शकेल.

शिरस्त्राणाची सक्ती मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्ये आहे आणि ती मागे बसणाऱ्यालाही तितकीच लागू आहे. 1 जून 2021 पासून भारतीय मानक ब्यूरोची मुद्रा नसलेली दुचाकीची शिरस्त्राणे विकण्यास बंदी आहे. तरी रस्त्याच्या कडेला ती ढिगाने मिळतात, आणि पाऊण लाखाच्या गाडीवर तीनशे रुपयांचे डोके मिरविणारे गृहस्थ सर्वत्र आढळतात. यावर अधिक बोलण्यासारखे काही नाही.

पुणतांबे–श्रीरामपूर–राहाता या टापूतला रस्ता मात्र स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. हा उसाचा मुलूख. येथून जवळच प्रवरानगरला 1950 मध्ये सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होते आणि रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर येतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर लोंबणारी मोळी, मागे पुष्कळदा दिवा नाही, तांबडा परावर्तक असला तर चिखलाने माखलेला. भर दुपारी हे वाहन लांबून दिसते. अंधारात ते रस्त्याच्याच रंगाचे होते आणि ताशी पंधरा-वीसच्या गतीने चालत असल्याने मागून येणाऱ्याला ते जवळजवळ उभेच असते. सांडलेल्या वाड्यांवर आणि दवाने ओल्या झालेल्या पाचटावर चाक सरकते ते वेगळेच. या भागात हिवाळ्यात अंधार पडल्यावर मोटारसायकल चालवू नये, असे येथल्याच लोकांनी शेकडो वेळा सांगितले आहे आणि पाहुण्यांनी तितक्याच वेळा ऐकून सोडून दिले आहे.

सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम पाळणाऱ्या घरांतील मुलांना येथे एक सोय आपोआप लाभते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्याआधी जेवावयाचे म्हणजे पाचच्या आत मुक्कामी पोहोचावयाचे, म्हणजे उजाडताच निघावयाचे आणि दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटरपेक्षा अधिक मजल आखावयाची नाही. सुरुवातीला सोबत्यांना हे बंधन जाचक वाटते. ‘याच्यामुळे लवकर थांबावे लागते’ अशी कुरकूर होते. पण रात्री उसाच्या ट्रॉलीमागे सापडण्याऐवजी धर्मशाळेच्या ओट्यावर बसून उद्याची वाट आखणे कोणाला नकोसे होईल, असे वाटत नाही.

उजाडताच निघण्यात आणखी एक जबाबदारी येते. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि साधुसाध्वींचे विहार सुरू होतात. नेमका हाच सहलींचा आणि उसाचाही हंगाम. पहाटेच्या धुक्यात रस्त्याच्या कडेने अनवाणी चालणारी श्वेतवस्त्रधारी रांग, तिच्या बाजूने कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्या आणि मागून येणारा मोटारसायकलींचा तांडा, हे दृश्य नगर जिल्ह्यात नवे नाही. विहारातील साधुसाध्वींना वाहनांची धडक बसल्याच्या दुःखद वार्ता समाजाने वारंवार ऐकल्या आहेत. त्यामुळेच गावोगावी विहारसेवेचे तरुण पुढे आले. त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. एक जण पुढे रस्ता दाखवीत चालतो, आणि एक जण सर्वांच्या मागे, चकाकणारे जाकीट घालून, हातात विजेरी घेऊन. वयोवृद्ध साध्वी मागे पडली की तोही मागे पडतो. त्याला ‘स्वीप’ हा शब्द ठाऊक नसेल. काम तेच आहे. मोटारसायकलीच्या सहलीला निघालेल्या मुलाने एकदोन विहारांत ही मागची जागा सांभाळली असेल, तर त्याला चमूचे निम्मे शास्त्र घरातच शिकून झाले.

नगर जिल्ह्याचे आणि दुचाकीचे नाते तसे जुने आहे. 1972 मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंगने ‘लुना’ बाजारात आणली. तिच्यामागे मूळ नगरच्या फिरोदिया घराण्यातील हस्तीमल फिरोदिया होते, आणि नगर–दौंड रस्त्यावर या कंपनीचा कारखाना उभा राहिला. पन्नास सीसीच्या त्या हलक्या गाडीवर कोणी लेहला गेले नसेल. परंतु शिक्षिका शाळेत गेल्या, दुकानदार बाजाराला गेले, आणि मध्यमवर्गीय स्त्रीच्या हाती पहिल्यांदा इंजिनाची मूठ आली. आज मुली साडेतीनशे-चारशे सीसीच्या गाड्या सहज चालवितात, त्यांच्या आज्यांपैकी कित्येकींनी तोल सांभाळणे लुनावर शिकून घेतले होते.

या मुलींच्या बाबतीत घरची काळजी दुप्पट असते, हे सत्य आहे. 2011 मध्ये पुण्याच्या उर्वशी पाटोळे यांच्या पुढाकाराने ‘बायकर्नी’ ही केवळ स्त्री-मोटारसायकलस्वारांची संघटना सुरू झाली आणि त्याच वर्षी तिच्या सदस्यांनी लडाखमधील खारदुंग ला ही खिंड गाठली. खिंडीच्या उंचीचे कौतुक वृत्तपत्रांनी केले. घरातल्या माणसांच्या दृष्टीने त्याहून मोलाचे हे की, एकटीदुकटीने निघण्याऐवजी जिला सोबत हवी तिला आता ओळखीची, अनुभवी सोबत मिळू शकते. अशा संघटना, पुण्या-मुंबईतले जुन्या जावा-येझदींचे मेळावे, शहरोशहरींचे बुलेटवाल्यांचे गट, यांच्यासंगे पहिले एकदोन छोटे प्रवास करणे हा उत्तम आरंभ. तरी तेथेही कोणाबरोबर जावयाचे, हे पारखूनच घ्यावे. केवळ छायाचित्रांसाठी निघणारे गट असतात, दारू पिऊन मुक्काम करणारे असतात, आणि मागे राहिलेल्याला दूरध्वनी करून ‘आम्ही पोहोचलो, तू ये’ असे सांगणारेही असतात.

अपघात झालाच तर महाराष्ट्रात 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका येते. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय अडकवून ठेवील, ही जुनी भीती मनातून काढावी. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अशा मदतनिसाला संरक्षण दिले आणि 2019 च्या दुरुस्तीने ते कलम 134-अ म्हणून कायद्यात आले. त्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. हे कलम सहलीला निघालेल्यांनी जसे जाणावे तसेच रस्त्याकाठी राहणाऱ्यांनीही. उसाच्या फडाशेजारी पडलेल्या परक्या मुलाजवळ सर्वांत आधी तेच पोहोचतात.

निघण्याच्या आदल्या रात्री घरात एक कागद लिहून घ्यावा. त्यावर प्रत्येक मुक्कामाचे गाव, गाडीचा क्रमांक, मुलाचा रक्तगट आणि दोन सोबत्यांचे दूरध्वनी क्रमांक असावेत. त्यांपैकी एक वाटाड्याचा असला तर चालेल. दुसरा मात्र शेवटच्या गाडीवाल्याचाच हवा, आणि संध्याकाळी ‘सर्व पोहोचले’ हा निरोप त्याच्याकडूनच यावा, कारण तो पोहोचला म्हणजे मागे कोणी उरलेले नसते.